पुढच्या चाकाचा माग

चांगला टायर मी मागच्या चाकाला चढवला आणि झिजलेला पुढे राहू दिला. चूक एवढीच, आणि ती माझी. ऐनाच्या वळणाबद्दल आमच्या भागात पुढे जे जे बोललं गेलं, ते या एका चुकीवर मीच उभं केलं आणि मग कित्येक वर्षं गप्प बसून वाढू दिलं.

गणपती गेले की हे सगळं परत येतं. पाऊस तेव्हा संपलेला नसतो, नुसता थकलेला असतो. आभाळ खाली बसून राहतं. दुपार आहे की संध्याकाळ, ते उजेडावरून सांगता येत नाही. लवकर येणारी हळवी भातं निसवायला लागतात, लोंब्या बाहेर येतात आणि शेतांवरून एक दुधाळ, गोडसर वास येतो, आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा. किन्हवलीच्या नाक्यावर माझं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. त्याच्या ओट्याच्या कडेला शेवाळ धरतं. आधी पोपटी, मग गडद, मग काळपट. काळपट शेवाळ दिसायला कोरडं वाटतं आणि तेच सगळ्यात जास्त घसरतं. मी दरवर्षी ते पत्र्याच्या तुकड्याने खरवडतो. खरवडताना जो आवाज होतो, तो मला आवडत नाही.

आमच्याकडे टायर ऋतूप्रमाणे कोणी बदलत नव्हतं. फाटला की बदलायचा. सायकल ही माणसाला बसायला कमी आणि ओझं वाहायला जास्त. मागे गवताचा भारा, नाहीतर गिरणीत न्यायचं भाताचं पोतं, नाहीतर दुधाच्या किटल्या. सगळं वजन कॅरियरवर. म्हणून नवा टायर आला की तो मागे, आणि मागचा घासलेला काढून पुढे. पुढच्या चाकाने काय करायचं, तर फक्त रस्ता दाखवायचा. वडिलांनी मला हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. हवा भरताना अंगठा दाबून बघायचा. अंगठा आत गेला तर गिऱ्हाईक नाराज. टायर दगडासारखा लागला पाहिजे. तालुकाभर कुठल्याही दुकानात गेलात तरी हेच ऐकलं असतं.

आज मला जमीन निराळी कळते. उन्हाळ्यात मुरूम सुटा होतो, चाक त्यावर भरकटतं. तिथे रुंद टायर हवा आणि हवा जरा कमी. डांबरावर गुळगुळीत आणि कडक चालतो. बांधाबांधाने जायचं तर बटनाचा टायर, म्हणजे रबराच्या गुट्ट्या वर आलेला, आणि त्या गुट्ट्याही एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर चिखल मध्ये बसतो आणि टायर पुन्हा गुळगुळीतच होतो. ओल्या कातळावर बटनंही पुरी पडत नाहीत. तिथे रबर मऊ हवं आणि अंगठ्याखाली ते दबलं पाहिजे. पण हे शहाणपण मला फार महागात मिळालं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. नव्वदीच्या त्या वर्षांत मुरबाडच्या एका कारखान्यात लागला होता. एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून टेकडीवरची पायवाट धरून पलीकडे उतरायचा. त्यासाठी त्याने कल्याणहून गिअरची, जाड टायरची सायकल आणली. आमच्या भागात तशी ती पहिलीच. पोरं तिच्यामागे धावायची. तो कोणालाही हात लावू द्यायचा नाही, मी सोडून.

त्या वर्षी आषाढात तो बोलला, "अश्या, टायर गेले बघ. डांबरावर घासून पार टक्कल पडलं. बटनाचे आण."

मी कल्याणला निरोप पाठवला. आला एकच. दुसरा नंतर पाठवतो म्हणाले. मी तो नवाकोरा, रबराचा वास मारणारा टायर मागच्या चाकाला चढवायला घेतला.

"पुढं लाव ना," विलास बोलला. "उताराला पुढनं सरकते रे ती. मला कळतं, हाताला लागतं."

"तू बस कारखान्यात मशीन फिरवत. सायकल मला शिकवतोस? वजन मागं, तर टायर मागं."

"बरं बाबा, मिस्त्री तू. मेलो तर तुझ्या दुकानात येऊन बसेन."

दोघंही हसलो. मी हवा मारली. कडक.

ऐनाचं वळण टेकडीच्या पलीकडच्या उतारावर आहे. पाऊलवाट तिथे एका मोठ्या ऐनाच्या झाडाला वळसा घालते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, खवल्याखवल्यांची. पावसात ती काळी होते आणि झाड ओलं जनावर बसल्यासारखं दिसतं. झाडाखाली ऊन कधी पोचत नाही. एरवी रानभर किडे ओरडत असतात. तिथे वळलं की आवाज कमी होतो. का होतो मला माहीत नाही. झाडापासून हाकेच्या अंतरावर हिराकाकीचं घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, चार शेळ्या. आवणीला मात्र काकीशिवाय गावाचं पान हलायचं नाही. भाताची रोपं लावताना बायकांच्या रांगेत ती टोकाला उभी राहायची, गाणं उचलून द्यायची, आणि बाकीच्या तिच्या हाताला हात देत मागे सरकायच्या. ज्या शेतात काकीने पहिली मूठ रोवली ते शेत मागे पडत नाही, असं बायकाच म्हणायच्या.

गणपती गेल्यावरची ती सकाळ. धुकं नव्हतं, पण सगळं दूध पाण्यात मिसळल्यासारखं दिसत होतं. विलास वळणावर पडला आणि खालच्या दगडांत गेला. सगळ्यात आधी पोचली हिराकाकी. ती रानभाजी खुडायला निघाली होती. तिने आपला पदर फाडून त्याचा पाय बांधला आणि टेकडीवर चढून हाका मारल्या. माणसांनी त्याला झोळीतून उतरवलं, जीप करून शहापूरला नेलं. आणि मला निरोप आला: तुझ्या दोस्ताची सायकल तिथंच पडल्ये, घेऊन ये.

मी एकटा गेलो. सायकल झाडाच्या बुंध्याशी उताणी पडली होती. पुढचं चाक हळूहळू फिरत होतं. माणसं जाऊन बराच वेळ झाला होता, वाराही नव्हता. वर चरणाऱ्या शेळीचा धक्का लागला असेल, असं मी मला सांगितलं. शेळ्या तिथेच होत्या, एका रांगेत उभ्या राहून माझ्याकडे बघत.

मग मी जमिनीकडे पाहिलं.

सायकलचा माग कसा असतो ते सांगतो. सरळ जाताना मागचं चाक पुढच्याच्या मागावरून जातं, म्हणून दिसतो तो मागच्याचाच. वळणावर दोन्ही वेगळे होतात. पुढचं बाहेरून जातं, मागचं आतून. त्या लाल चिकट मातीत बटनांचे ठसे वळणापर्यंत सुरेख उमटले होते, टाचणीने टोचून नक्षी काढावी तसे. त्यांच्या बाहेरच्या अंगाला पुढच्या टायरची गुळगुळीत पट्टी निघाली होती, आणि थोड्याच अंतरावर ती पट्टी आडवी पसरली होती. ओल्या पाटीवर बोट फिरवल्यासारखी. पुढचं चाक घसरलं होतं. मागचं शेवटपर्यंत घट्ट धरून होतं. मागे टाकलेला तो टायर पुढे असता तर ते वळण विलास शीळ घालत उतरला असता. कोणालाही वाचता येईल इतकं ते स्पष्ट होतं.

वरून माणसांचे आवाज आले. मी वाकलो आणि तळहाताने ती पट्टी पुसून टाकली. मग चपलेने माती सारखी केली आणि वर ओली पानं ओढली. तो गारवा अजून माझ्या तळहाताला आहे.

माणसं आली. त्यांनी माग पाहिला. बटनांचे ठसे वळणापर्यंत आलेले आणि मग काहीच नाही. नुसती साफ माती.

"बघ रे," कोणीतरी हळू आवाजात बोललं. "इथपर्यंत चाक हाय. मग कायच नाय. उचलला त्याला."

मी सायकल खांद्यावर घेतली. एक शब्द बोललो नाही.

विलास शुद्धीवर आल्यावर त्याने जे सांगितलं त्याने तर शिक्काच बसला. "पुढचं चाक कोणीतरी हातानं बाजूला काढलं. खरं सांगतो. मी हँडल धरलं व्हतं, पण चाक माझं नव्हतंच." मला माहीत होतं, पुढचं चाक घसरलं की नेमकं असंच वाटतं. मी त्याच्या खाटेशी बसून मान हलवली. आणि डोळे उघडल्यावर पहिल्यांदा कोण दिसलं, असं विचारल्यावर तो बोलला, "हिराकाकी. वाकून बघत व्हती माझ्याकडं."

त्याला त्यात काहीच म्हणायचं नव्हतं. पण लोकांना पुरलं. कोणाला आठवलं, काकी वळणावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघते. कोणाला तिच्या दारावरून जाताना कसंतरी झालं होतं. हळूहळू रीत पडली: वळणाच्या आधी सायकलवरून उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं, घंटी वाजवायची नाही, काकीच्या घराकडे बघायचं नाही. पुढच्या पावसात आवणीला तिला कोणी हाक मारली नाही. ती आपणहून बांधावर येऊन उभी राहिली, तेव्हा रांगेतल्या बायका गायच्या थांबल्या. कोणी तिला घालवलं नाही. नुसत्या थांबल्या, ती जाईपर्यंत.

ऐनाच्या फांद्यांना लोक काळ्या ट्यूबच्या पट्ट्या बांधायला लागले. नजर लागू नये म्हणून. जुन्या ट्यूब माझ्याच दुकानात. "अशोकशेट, एक पट्टी काप रे, वळणाला बांधायचीय." आणि मी कापून द्यायचो. कात्री मीच चालवायचो. वर्षं गेली तसं ते झाड काळ्या पट्ट्यांनी भरलं. वारा आला की त्या ओल्या रबराचा एक जाड, फटफट आवाज येतो, पाखरं एकदम उठावीत तसा. पण पाखरं नसतात.

गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, त्या वळणाची भीती मलाही वाटायला लागली. मला खरं माहीत होतं, तरीही. विलासच्या घरी ती सायकल कोणाला नको होती, म्हणून ती माझ्या दुकानात आढ्याला टांगलेली राहिली. पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाऱ्याने तिचं पुढचं चाक फिरायचं आणि दर वेळी व्हॉल्व्ह खाली आला की थांबायचं. व्हॉल्व्हच्या बाजूला वजन असतं, म्हणून तो खाली येतो. कोणालाही विचारा. तरी मी तिच्याकडे पाठ करून बसत नसे.

विलासचा पाय वाकडाच जुळला. कारखाना सुटला. त्याने गावात पिठाची गिरण टाकली. लंगडत माझ्या दुकानात यायचा, त्या सायकलखाली बसून चहा प्यायचा. "आलो बघ, बोललो व्हतो ना, तुझ्या दुकानात येऊन बसेन." दर वेळी हसायचा. मीही हसायचो.

नवं शतक लागलं आणि काही वर्षांनी सुट्टीच्या दिवशी मुंबई-कल्याणकडची माणसं डोंगरवाटांवर सायकली घेऊन यायला लागली. एकदा एक मुलगी दुकानासमोर थांबली. रस्त्यावर येताना गुळगुळीत टायर पुढे होता. आता टेकडी उतरायची, म्हणून ती दोन्ही टायर अदलाबदल करत होती. मी पान्हा दिला आणि उगाचच विचारलं, चांगला टायर पुढे का?

"मागचं घसरलं तर सावरता येतं काका," ती खाली मान घालून काम करत बोलली. "पुढचं गेलं की संपलं."

मी मान डोलावली. जणू आत्ताच ऐकतोय.

त्याच भादव्यात मी पलीकडच्या वाडीत कोणाची तरी सायकल दुरुस्त करून द्यायला चाललो होतो. घाई होती, वळणाला उतरलो नाही. हिराकाकी दारात तांदूळ निवडत बसली होती. माझ्या चाकाचा आवाज आला तशी तिने सूप खाली ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. लहान मुलाला शिक्षा केल्यावर ते उभं राहतं तशी.

मी थांबलो. "काकी, तोंड का फिरवतेस गो?"

"उतर आधी," ती भिंतीला बोलली. "सायकलवर हायेस ना. उतर, मग बघते तुझ्याकडं."

"का?"

"माझी नजर वाईट हाय रे बाबा. पोराचा पाय गेला. मला काय कळलं व्हतं? मी आपली बघत व्हते, कशी छान सायकल चालवतोय ते."

मी तिथेच मातीत बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की लोक तिच्यावर आळ घेतात आणि ती तो सोसते. तसं नव्हतं. माझी पुसलेली माती तिच्या आत जाऊन बसली होती. आपल्याच डोळ्यांना भिऊन ती एकटी त्या रानात राहत होती; कोणी सायकलवरून आलं की भिंतीकडे वळत होती, त्याला इजा होऊ नये म्हणून.

मी सगळं सांगितलं. टायर, पट्टी, तळहात. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. चांगला हायेस तू."

ते वाक्य ऐकून मला जेवढी लाज वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती.

मी गिरणीत जाऊन विलासला सांगितलं. पट्टा चालू होता, पिठाचा धुरळा उडत होता. त्याने आधी गिरण बंद केली. पापण्यांवर पीठ. मग बोलला, "म्हणजे एवढी वर्षं मी भुताला शिव्या घालत व्हतो, आणि चहा तुझा पीत व्हतो."

"चुकलं, विलास."

"मला नंतर सांग. त्या बाईला आधी पटव." दाराशी जाऊन त्याने वळून पाहिलं. "वळणावर करून दाखव तिला. आणि मी येणार तिथं. मला बघायचंय ते चाक."

दुसऱ्या दिवशी मी ती टांगलेली सायकल उतरवली. तोच टकला टायर पुढे ठेवला, नवी ट्यूब घातली, मागे बटनाचा. हवा कडक. खिशात पान्हा आणि टायर उचकटायची पत्ती. विलास काठी टेकत आला. गवताचे भारे डोक्यावर घेऊन बायका टेकडी उतरत होत्या, त्या आम्हाला बघून झाडापासून लांबच थांबल्या. वर काळ्या पट्ट्या हलत होत्या. पाऊस नुकताच पडून गेला होता.

काकी भिंतीकडे तोंड करून उभी होती. विलासने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघायचं नाय हां काकी. मी सांगेन तेव्हा."

मी वरून आलो. वळणाला हँडल वळवलं आणि माझ्या हातातलं चाक माझं राहिलं नाही. विलास जसं सांगायचा अगदी तसंच. कोणीतरी काढून घेतलं. मी कुशीवर आपटलो, कोपर सोलून निघालं. एक बाई किंचाळली.

"ती बघत नव्हती," विलास मोठ्याने बोलला, बायकांना ऐकू जाईल असं. "सगळ्यांनी बघितलंत ना? ती भिंतीकडं तोंड करून व्हती."

मी तिथेच मातीत बसून चाकं काढली आणि टायर बदलले. बटनाचा पुढे. अंगठा आत जाईल इतकी हवा सोडली. मग काकीकडे गेलो.

"काकी, आता वळ. आता बघ माझ्याकडं."

"नको रे."

"बघ गो. हवं तेवढं बघ. टक लावून बघ."

ती वळली. डोळ्यांत आधीच पाणी होतं. मी पुन्हा वर चढलो, पायडलवर पाय ठेवला, आणि उतरायला लागलो. खरं लिहितो, त्या क्षणी मी घाबरलो होतो. पट्ट्यांचा फटफट आवाज, ती सुसरीच्या पाठीची साल जवळ येणारी, आणि दारातून माझ्यावर खिळलेले दोन डोळे. वाटलं, खरंच असेल तर? मीच वाढवलेल्या भुताने मला धरलं तर? चाक वळणात शिरलं. हाताला माती लागली, बटन न् बटन रुतल्याचं कळलं. मी झाडाला वळसा घालून काकीच्या अंगणात येऊन थांबलो.

ती अजून बघतच होती. पापणीही हलली नव्हती.

मागे वळणावर दोन्ही माग दिसत होते. एक आडवा पसरलेला, एक सरळ उतरलेला. बायका भारे खाली टाकून त्यावर वाकल्या होत्या. मी ते पुसले नाहीत.

सायकल अंगणात आडवी टाकली आणि काकीच्या पायांशी बसलो. विलास काठीवर भार देऊन शेजारी उभा होता. दोघांना ऐकू जाईल असं, त्या बायकांनाही ऐकू जाईल असं बोललो:

"टायर मी चुकीचा लावला. माग मी पुसला. आणि लोक तुझं नाव घेत होते तेव्हा मी गप्प बसलो. काकी, तुझ्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. मला माफ कर."